कीबोर्डखाली गेलेला रकाना: फ्लटरमध्ये फॉर्म बांधताना काय करावं

माझं पहिलं खरं अ‍ॅप एका वाचनालयाच्या सभासद नोंदणीसाठी होतं. नाव, मोबाईल, पत्ता, तालुका, पिनकोड, शेरा आणि शेवटी ‘नोंदणी करा’ हे बटण. माझ्या फोनवर सगळं नीट चालत होतं. वाचनालयात टेबलाशी बसणाऱ्या काकूंनी त्यांच्या फोनवर ‘पत्ता’वर बोट ठेवलं, मराठी कीबोर्ड वर आला आणि रकाना त्याच्याखाली गेला. मग त्या दोन शब्द टाइप करायच्या, कीबोर्ड खाली घालवायच्या, काय उमटलंय ते वाचायच्या, चूक दिसली की पुन्हा कीबोर्ड वर आणायच्या. ‘कृष्णकुंज’मधला ऋकार बसला का, ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडला का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मराठी टाइप करताच येत नाही. जोडाक्षर जुळताना दिसावं लागतं. इंग्रजीत चार अक्षरं अंदाजाने दाबून भागतं, मराठीत भागत नाही. म्हणून आपल्या भाषेत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅपमध्ये हा दोष मला फार मोठा वाटतो.

हा लेख फ्लटर, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनसाठी अ‍ॅप बांधायचं गूगलचं साधन, नुकतंच शिकायला घेतलेल्यांसाठी आहे. फॉर्म वरचाच घेऊ. कोडमधली नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये पहिली तीन-चार अक्षरं टाकली की पूर्ण नाव सुचवलं जातं, त्यामुळे अडणार नाही.

आधी एवढं समजून घ्या

कीबोर्ड हा तुमच्या अ‍ॅपचा भाग नाही. ते वेगळं अ‍ॅप आहे आणि ते स्क्रीनच्या खालच्या भागावर येऊन बसतं. ते आलं की फोनची यंत्रणा तुमच्या अ‍ॅपला कळवते की खालून इतकी जागा गेली. फ्लटरमध्ये हा आकडा मीडियाक्वेरी या स्क्रीनची मापं सांगणाऱ्या घटकाच्या ‘व्ह्यूइन्सेट्स’मध्ये मिळतो; त्यातला ‘बॉटम’ म्हणजे कीबोर्डने घेतलेली उंची. कीबोर्ड नसेल तेव्हा तो शून्य असतो.

त्याच्या शेजारीच ‘पॅडिंग’ आणि ‘व्ह्यूपॅडिंग’ अशी दोन नावं दिसतील. ती वरच्या खाचेसाठी आणि खालच्या जेश्चरच्या पट्टीसाठी आहेत, कीबोर्डसाठी नाहीत. गंमत म्हणजे कीबोर्ड वर आला की ‘पॅडिंग’चा बॉटम शून्य होतो, कारण ती पट्टी आता कीबोर्डखाली झाकली गेलेली असते. ‘व्ह्यूपॅडिंग’ मात्र तसंच राहतं. आणि ‘साइझ’, म्हणजे स्क्रीनचा आकार, कीबोर्ड आला तरी बदलत नाही. हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवा. ‘स्क्रीनच्या उंचीच्या ९० टक्के’ असा कंटेनर बांधणाऱ्यांचा फॉर्म इथेच अडकतो: कीबोर्डने अर्धी जागा घेतली तरी त्यांचा कंटेनर जुन्याच उंचीचा हट्ट धरून बसतो. उरलेल्या जागेचं माप हवं असेल तर लेआउटबिल्डर वापरा.

शिकाऊ मंडळी बऱ्याचदा फॉर्मच्या तळाशी ३०० ची मोकळी जागा ठोकून देतात. असं करू नका. कीबोर्डची उंची फोनगणिक बदलते. त्यावर सूचनांची पट्टी असते, कुणी आकड्यांची वेगळी ओळ चालू केलेली असते, कुणी सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड उंच केलेला असतो, आणि वयस्कर माणसं तर बटणं मोठी दिसावीत म्हणून मुद्दाम करतात. तुमचा ३०० एकाला कमी पडेल, दुसऱ्याला जास्त होईल. आकडा यंत्रणा देते आहे, तोच घ्यायचा.

आणि तो एकदाच वापरायचा. कीबोर्डसाठी जागा कुणीतरी एकानेच सोडली पाहिजे. कुणीच सोडली नाही तर रकाना झाकला जातो, दोघांनी सोडली तर मधे पांढरा पट्टा दिसतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या दुरुस्त्या म्हणजे हीच जबाबदारी नक्की कोणाकडे आहे ते शोधणं.

फॉर्मचा सांगाडा

सर्वांत बाहेर स्कॅफोल्ड, म्हणजे पूर्ण पानाची चौकट; तिचा मधला भाग म्हणजे बॉडी. त्याच्या बॉडीत सेफएरिया (खाच आणि पट्टी टाळणारा), त्यात सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यू (आतला मजकूर सरकू देणारा; पुढे नुसतं स्क्रोलव्ह्यू), त्यात पॅडिंग, त्यात फॉर्म, आणि फॉर्मच्या आत कॉलम. कॉलममध्ये एकाखाली एक टेक्स्टफॉर्मफील्ड.

स्कॅफोल्डला ‘रिसाइझ-टू-अव्हॉइड-बॉटम-इन्सेट’ नावाचा गुणधर्म आहे आणि तो मुळातच ‘ट्रू’ असतो. म्हणजे कीबोर्ड आला की स्कॅफोल्ड आपली बॉडी तेवढी आखूड करतो. इथे जागा सोडण्याचं काम स्कॅफोल्डने घेतलं. तुम्ही काही करायचं नाही.

आता बॉडी आखूड झाली, पण आतला मजकूर तेवढाच लांब आहे. तो सरकू शकला तरच मावेल, म्हणून स्क्रोलव्ह्यू. स्क्रोलव्ह्यू असला की दुसरं एक काम आपोआप होतं: ज्या रकान्यात कर्सर आहे तो रकाना स्वतःच्या वरच्या स्क्रोलव्ह्यूला सांगतो की मला दिसेल असं सरकव. कीबोर्ड वर येताना आणि टाइप करतानाही हे होत राहतं. पत्त्याच्या रकान्याला ‘मॅक्सलाइन्स’ची मर्यादा ‘नल’ ठेवली, म्हणजे ओळी वाढतील तसा तो वाढेल, तरी कर्सर कीबोर्डच्या वर राहतो.

रकाना कीबोर्डला अगदी चिकटून दिसतो असं वाटलं तर टेक्स्टफील्डचं ‘स्क्रोलपॅडिंग’ बदला. मूळ किंमत चारही बाजूंनी २० आहे. त्यात रकान्याखालचा लाल अक्षरातला, चूक सांगणारा संदेश मावत नाही: ‘मोबाईल क्रमांक १० अंकी हवा’ हे वाक्य कीबोर्डमागे राहतं आणि माणसाला आपलं काय चुकलं ते कळत नाही. मी खालच्या बाजूला ८० ते १०० ठेवतो.

कॉलममध्ये एक्स्पांडेड किंवा स्पेसर घालू नका. स्क्रोलव्ह्यूच्या आत उंचीला मर्यादा नसते, त्यामुळे ‘उरलेली सगळी जागा घे’ याला अर्थच राहत नाही आणि फ्लटर त्रुटी दाखवतं. लॉगिनसारखा छोटा फॉर्म स्क्रीनच्या मध्यावर हवा असेल तर बाहेर लेआउटबिल्डर घ्या, आणि स्क्रोलव्ह्यूच्या आत कॉन्स्ट्रेन्डबॉक्स ठेवून त्याची किमान उंची लेआउटबिल्डरने दिलेल्या कमाल उंचीइतकी करा. जागा असेल तेव्हा फॉर्म मध्यावर, कमी पडली की सरकता.

स्क्रोलव्ह्यूऐवजी लिस्टव्ह्यू चालेल का? दिसायला चालतं, पण फॉर्मसाठी मी टाळतो. लिस्टव्ह्यू स्क्रीनपासून दूर गेलेले घटक मोडून टाकतो. मग ‘व्हॅलिडेट’ म्हटल्यावर वर निघून गेलेला ‘नाव’ हा रकाना तपासलाच जात नाही आणि अर्धवट अर्ज पुढे जातो. शंभर रकाने नसतील तर कॉलमच बरा.

पिवळी-काळी पट्टी

स्क्रोलव्ह्यू न घालता नुसता कॉलम ठेवला तर कीबोर्ड येताच तळाशी पिवळ्या-काळ्या तिरप्या रेघांची पट्टी येते आणि तळ अमुक पिक्सेलने ओसंडला असा इशारा दिसतो. बहुतेक जण इथे ‘रिसाइझ-टू-अव्हॉइड-बॉटम-इन्सेट’ला ‘फॉल्स’ करतात. पट्टी जाते, आणि काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही स्कॅफोल्डला सांगितलंत की कीबोर्डकडे लक्ष देऊ नकोस. आता जागा कुणीच सोडत नाही. काकूंच्या फोनवर पत्ता झाकला गेला तो याच एका ओळीमुळे. ती मीच लिहिली होती, पट्टी घालवण्यासाठी.

ही पट्टी फक्त डीबग बांधणीत, म्हणजे आपण तपासायला चालवतो त्या आवृत्तीत दिसते. रिलीजमध्ये, म्हणजे लोकांना दिलेल्या आवृत्तीत, ती नसते, चूक मात्र तशीच असते. म्हणून पट्टी दिसली की तिला घालवायची घाई करू नका. स्क्रोलव्ह्यू कुठे राहिला ते बघा.

‘फॉल्स’चा एक प्रामाणिक उपयोग आहे: नकाशा किंवा पूर्ण स्क्रीनचं चित्र, ज्यात शोधाचा रकाना अगदी वर आहे. तिथे मागचं सगळं आखडण्याची गरज नसते. फॉर्मच्या मागे चित्र हवं असेल तर ते मात्र स्कॅफोल्डच्या बाहेर ठेवा: स्टॅकमध्ये खाली चित्र, वर पारदर्शक पार्श्वभूमीचा स्कॅफोल्ड. मग कीबोर्ड आल्यावर चित्र दबत नाही आणि फॉर्म नीट सरकतो.

‘नोंदणी करा’ कुठे ठेवायचं

तळाशी कायम दिसणारं बटण म्हटलं की हात आपोआप स्कॅफोल्डच्या ‘बॉटमनॅव्हिगेशनबार’कडे जातो. ती जागा कीबोर्डबरोबर वर येत नाही. बॉडी आखडते, पण तो बार स्क्रीनच्या तळाशीच, म्हणजे कीबोर्डमागे राहतो. टॅबच्या पट्टीसाठी हे योग्य आहे, बटणासाठी नाही.

बटण बॉडीतच ठेवा. बॉडीत कॉलम, त्यात आधी एक्स्पांडेड आणि त्याच्या आत स्क्रोलव्ह्यू, मग खाली बटण. बॉडी आखडली की बटण कीबोर्डच्या लगेच वर येऊन बसतं. (इथला एक्स्पांडेड स्क्रोलव्ह्यूच्या बाहेर आहे, म्हणून चालतो.) चॅटची स्क्रीनही अशीच बांधतात: एक्स्पांडेडमध्ये ‘रिव्हर्स’ चालू केलेली लिस्टव्ह्यू, खाली संदेश लिहिण्याची पट्टी. ‘रिव्हर्स’मुळे शेवटचा संदेश कीबोर्ड आला तरी डोळ्यांसमोर राहतो.

फॉर्म लांब असेल तर बटण सरळ कॉलमच्या शेवटी ठेवलेलं मला जास्त आवडतं. लहान फोनवर कीबोर्ड, बटण आणि वरची अ‍ॅपबार मिळून इतकी जागा खातात की रकान्यासाठी दोनच ओळी उरतात.

खालून वर येणारी शीट

‘तालुका यादीत नाही, नवीन लिहा’ यासाठी मी शोमोडलबॉटमशीट वापरली होती आणि तीही कीबोर्डखाली गेली. कारण सोपं आहे. शीट स्कॅफोल्डच्या बॉडीत नसते, ती नॅव्हिगेटरवर, म्हणजे पानांच्या चळतीवर, वेगळं पान (रूट) म्हणून चढते. म्हणजे स्कॅफोल्डने सोडलेल्या जागेचा तिला काही उपयोग नाही. इथे जागा तुम्हालाच सोडावी लागते.

तीन गोष्टी करा. ‘इज-स्क्रोल-कंट्रोल्ड’ला ‘ट्रू’ द्या. नाहीतर शीटची कमाल उंची स्क्रीनच्या ९/१६ इतकीच राहते आणि कीबोर्ड आल्यावर त्यात काही मावत नाही. बिल्डरमध्ये, म्हणजे शीटचा मजकूर बांधून देणाऱ्या फंक्शनमध्ये, सगळ्यांच्या बाहेर पॅडिंग ठेवून त्याचा बॉटम व्ह्यूइन्सेट्सच्या बॉटमइतका करा. त्याच्या आत स्क्रोलव्ह्यू, आणि कॉलमची ‘मेनअ‍ॅक्सिससाइझ’ ‘मिन’.

यात एक बारीक खोच आहे. व्ह्यूइन्सेट्स विचारताना बिल्डरने दिलेला कॉन्टेक्स्ट (आपण पानाच्या रचनेत कुठे आहोत ते सांगणारी खूण) वापरा, मागच्या पानाचा नाही. मागच्या पानाचा वापरला तर आकडा बहुधा शून्य येतो किंवा शीट उघडली त्या क्षणाचा जुनाच राहतो, आणि तुम्ही तासभर कोड न्याहाळत बसता, कारण ओळ तर बरोबर दिसत असते. दोन्हींना ‘कॉन्टेक्स्ट’ हेच नाव दिलेलं असतं म्हणून हे डोळ्यांना दिसत नाही. बिल्डरमधल्याला ‘शीटकॉन्टेक्स्ट’ असं वेगळं नाव द्या.

डायलॉगचं मात्र वेगळं आहे. फ्लटरचा डायलॉग कीबोर्डइतकी जागा स्वतःच सोडतो. अलर्टडायलॉगमध्ये रकाने जास्त असतील तर फक्त ‘स्क्रोलेबल’ला ‘ट्रू’ करा.

कीबोर्डच्या वर पांढरा पट्टा

उलट तक्रारही येते: रकाना दिसतो, पण कीबोर्ड आणि फॉर्म यांच्यामध्ये कीबोर्डइतकाच रिकामा पट्टा. दोघांनी जागा सोडली की असं होतं. स्कॅफोल्डने बॉडी आखूड केली, आणि तुम्हीही आत व्ह्यूइन्सेट्सचं पॅडिंग घातलंत.

गोंधळ वाढतो तो असा. स्कॅफोल्ड बॉडी आखूड केल्यावर आतल्यांना व्ह्यूइन्सेट्सचा बॉटम शून्य करून देतो, ‘मी सांभाळलं आहे’ या अर्थाने. त्यामुळे बॉडीतल्या वेगळ्या विजेटमध्ये (फ्लटरमधला पानाचा प्रत्येक घटक म्हणजे विजेट) विचारलं तर शून्य येतं. पण तुमच्या पानाच्या बिल्ड पद्धतीचा, म्हणजे पान बांधून देणाऱ्या फंक्शनचा, कॉन्टेक्स्ट स्कॅफोल्डच्या वरचा असतो. तिथे विचारलं तर पूर्ण आकडा येतो. एकाच स्क्रीनवर दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी. बॉडीतलं पॅडिंग काढून टाका, एवढाच उपाय.

कीबोर्ड येतो आणि लगेच जातो

हा रकाना झाकला जाण्याचा प्रकार नाही, पण नव्यांना सर्वांत जास्त छळतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. रकान्यावर बोट ठेवलं, कीबोर्ड अर्धा वर आला आणि परत गेला. किंवा कीबोर्ड राहिला, पण आधी लिहिलेलं नाव पुसलं गेलं.

कीबोर्ड वर येताना व्ह्यूइन्सेट्सचा आकडा फ्रेमगणिक बदलत जातो. बिल्ड पद्धतीत तुम्ही ‘मीडियाक्वेरी डॉट ऑफ’ लिहिलं असेल तर त्यातल्या कुठल्याही बदलाला ती पद्धत पुन्हा चालते. तुम्हाला हवी होती फक्त रुंदी, पण कीबोर्डच्या प्रत्येक फ्रेमला पूर्ण पान नव्याने बांधलं जातं. आता त्याच बिल्डमध्ये फॉर्मची ग्लोबलकी (फॉर्मची ओळख ठरवणारी की) तयार केलेली असेल तर दर वेळी नवी की जन्माला येते. नवी की म्हणजे फ्लटरच्या दृष्टीने नवा फॉर्म. जुना मोडला, त्यातल्या रकान्याचा फोकस गेला, कीबोर्ड बंद. टेक्स्टएडिटिंगकंट्रोलर (रकान्यातला मजकूर सांभाळणारा) बिल्डमध्ये बनवला असेल तर लिहिलेला मजकूर जातो. फ्यूचरबिल्डरला बिल्डमध्येच नवा फ्यूचर (ज्याचं उत्तर थोड्या वेळाने येतं असं काम) दिला असेल तर फॉर्मच्या जागी पुन्हा फिरतं चक्र येतं.

पान स्टेटफुलविजेट करा, म्हणजे पुन्हा बांधलं गेलं तरी आपली स्थिती (स्टेट) जपणारं. ग्लोबलकी, कंट्रोलर, फोकसनोड आणि फ्यूचर हे सगळं स्टेटमध्ये एकदाच तयार करा, आणि कंट्रोलर व फोकसनोड ‘डिस्पोज’मध्ये सोडून द्या. शिवाय हवं तेवढंच विचारा. २०२३ साली आलेल्या फ्लटर ३.१० पासून ‘साइझऑफ’, ‘व्ह्यूइन्सेट्सऑफ’ अशा वेगळ्या पद्धती आहेत. ‘साइझऑफ’ विचारणारं पान कीबोर्डमुळे पुन्हा बांधलं जात नाही. स्वस्त फोनवर कीबोर्ड अडखळत वर येतो, त्यातही यामुळे फरक पडतो.

कीबोर्ड खाली कसा घालवायचा

आयफोनच्या आकड्यांच्या कीबोर्डला ‘पूर्ण झालं’ असं बटणच नसतं. पिनकोड लिहून झाला की माणूस अडकतो. स्क्रोलव्ह्यूच्या ‘कीबोर्डडिसमिसबिहेवियर’ला ‘ऑनड्रॅग’ द्या, म्हणजे फॉर्म सरकवला की कीबोर्ड जातो. रिकाम्या जागी बोट लावल्यावर जावा असं वाटत असेल तर टेक्स्टफील्डच्या ‘ऑनटॅपआउटसाइड’मध्ये ‘अनफोकस’ करा. मोबाईलवर हे आपोआप होत नाही. आणि प्रत्येक रकान्याला ‘टेक्स्टइनपुटअ‍ॅक्शन’ ‘नेक्स्ट’ द्या, शेवटच्याला ‘डन’. एका रकान्यातून पुढच्यात जाताना कीबोर्ड खाली-वर होत नाही आणि पुढचा रकाना स्वतःहून दिसेल असा सरकतो. पत्ता अनेक ओळींचा ठेवला असेल तर तिथे मात्र एंटरला नवी ओळच येऊ द्या.

अँड्रॉइडकडची एक ओळ

सगळं बरोबर असूनही व्ह्यूइन्सेट्स कायम शून्य येत असेल तर अँड्रॉइडच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये ‘विंडो-सॉफ्ट-इनपुट-मोड’ बघा. फ्लटरने बनवलेल्या नव्या प्रकल्पात तिथे ‘अ‍ॅडजस्टरिसाइझ’ असतं. कुणाचा तरी उपाय ऐकून ते ‘अ‍ॅडजस्टपॅन’ केलेलं असेल तर फोन पूर्ण खिडकीच वर ढकलतो, अ‍ॅपबार स्क्रीनबाहेर जाते आणि फ्लटरला कीबोर्डचा पत्ता लागत नाही. मूळ किंमत परत ठेवा.

कोटलिन या भाषेत थेट अँड्रॉइडसाठी अ‍ॅप लिहिणाऱ्यांना आता फक्त ‘अ‍ॅडजस्टरिसाइझ’वर विसंबता येत नाही. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून, एपीआय पातळी ३५ (या आवृत्तीचा विकासकांसाठीचा क्रमांक) धरून बांधलेली अ‍ॅप कडेपासून कडेपर्यंत पसरतात, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून गूगल प्लेवर नव्या अ‍ॅपला किमान ही पातळी लागते. कीबोर्डची जागा इन्सेटवरून स्वतः सोडावी लागते. जेटपॅक कंपोज या कोटलिनमधून स्क्रीन बांधायच्या साधनात त्यासाठी ‘आयएमईपॅडिंग’ आहे, आणि ते ‘व्हर्टिकलस्क्रोल’च्या आधी लिहायचं. क्रम उलटला तर सरकणाऱ्या मजकुराला शेपूट फुटतं, खिडकी मात्र आखडत नाही.

तपासणी

एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या आभासी फोनवर, तपासलं तर अनेकदा दोष दिसतच नाही, कारण तिथे टाइप होतं लॅपटॉपच्या कीबोर्डवरून आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड वरच येत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये भौतिक कीबोर्ड जोडलेला असतानाही स्क्रीनवरचा कीबोर्ड दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये कमांड आणि के एकत्र दाबा.

मग खरा फोन घ्या, शक्य तितका लहान. जीबोर्डमध्ये मराठी जोडा, कीबोर्डची उंची सर्वांत जास्त करा, फोनमधली अक्षरंही मोठी करा. शेवटच्या रकान्यापासून सुरुवात करा, कारण पहिले दोन रकाने तसेही कीबोर्डच्या वरच असतात आणि तिथे सगळं ठीक वाटतं. फोन आडवा करून बघा. तरंगता कीबोर्ड लावून बघा. तो तळाशी टेकलेला नसतो, त्यामुळे फॉर्म आखडायला नको. इंग्रजी आणि मराठी यांच्यात कीबोर्ड बदलून बघा. उंची बदलली तर रकाना तिच्याबरोबर सरकला पाहिजे.

एवढं झालं की फोन घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या, ज्यांना तुमचा कोड माहीत नाही. ‘पत्ता’ या रकान्यात ‘ज्ञानेश्वर कृपा, दुसरा मजला, मारुती मंदिराशेजारी’ असं मराठीतून लिहायला सांगा आणि शेजारी बसून त्यांच्या डोळ्यांकडे बघा. लिहिताना त्यांनी एकदाही कीबोर्ड खाली घालवला, तर वरच्यापैकी काहीतरी अजून राहिलेलं आहे.